ग्रेस मार्क नकोत

परवा रविवारी आमच्या शेलूतल्या क्रीडामंडळाच्या मुलांशी माझं भांडण झालं. आवाज काही कुणी चढवला नाही, पण घरी आले तेव्हा माझे कान गरम होते आणि चहा दोनदा उतू गेला. सत्तरी उलटलेल्या बाईने पंचविशीतल्या पोरांशी क्रिकेटवरून वाद घालावा का, असं सूनबाईंनी विचारलं. घालावा. मी तीस-बत्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं आहे, आणि हा वाद खरं तर इतिहासाचाच आहे.

झालं असं. मंडळाला यंदा एक नवी खोली मिळाली. दहा बाय बाराचीच, पण पक्की. ओव्हरआर्म स्पर्धांत मिळालेले चषक एका कपाटात आणि समोरच्या भिंतीवर अकरा थोर क्रिकेटपटूंच्या तसबिरी, असं ठरलं. अमेरिकेतल्या भाच्याच्या भाषेत आमचा हॉल ऑफ फेमच म्हणा. मुलांनी नावं काढली, मला सल्लागार म्हणून बोलावलं. गावसकर, तेंडुलकर, कपिल देव, द्रविड, कुंबळे, धोनी, रोहित, बुमराह. मी एक स्मृती मानधना घुसवली. (नवी मुंबईत २०२५ साली मुलींनी विश्वचषक जिंकल्यावर तिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.) विनू मंकडांवर थोडी कुरकुर झाली, पण आले. दहा झाले. अकरावं नाव मी सांगितलं: पालवणकर बाळू.

"हा कोण, बाई?"

यात मुलांचा दोष नाही. मी सांगितलं. डावखुरे फिरकी गोलंदाज, जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या पालवणचं, वाढले पुण्यात. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला त्यातले सर्वांत यशस्वी गोलंदाज. मुलांनी लगेच मोबाइल काढले. त्यातला एक म्हणाला, "बाई, टेस्टच नाही खेळला!" म्हणजे निकाल लागला. भिंतीसाठी नियमच झाला तिथल्या तिथे: कसोटी खेळलेला असावा.

इथवर मला राग आला नव्हता. राग आला तो पुढच्या वाक्याचा. आमचे एक जुने सहकारी तिथे होते, खेळाचे शिक्षक, चांगला माणूस, माझ्या अडीअडचणीला धावून आलेला. ते हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगू का? बरा बोलर होता. पण आज त्याचं नाव घेतात ते कशामुळे, ते तुम्हालाही ठाऊक आहे." खोलीत एकदम शांतता. मागे बसलेल्या एका मुलाने मान खाली घातली. त्याच्या आईला मी शिकवलंय. सर कशाबद्दल बोलत होते ते त्याला कळलं, मला कळलं, सगळ्यांनाच कळलं.

बाळू चर्मकार समाजातले. सरांचं म्हणणं थोडक्यात असं, की मुळात पास होण्यापुरतेच गुण होते, जातीचे ग्रेस मार्क देऊन तुम्ही त्यांना पहिल्या वर्गात बसवता आहात.

ठीक आहे. तर मग ग्रेस मार्क बाजूला ठेवूया. जात बाजूला ठेवूया. नुसती उत्तरपत्रिका तपासूया. मी आयुष्यभर तेच केलंय.

आधी कसोटीचा नियम. भारत पहिली कसोटी खेळला जून १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. बाळू तेव्हा पंचावन्न उलटलेले गृहस्थ होते. जी परीक्षा भरलीच नव्हती तिला बसला नाही म्हणून नापास? आणि हा नियम आपल्या क्रिकेट मंडळाने तरी कधी पाळलाय? ज्यांच्या नावाने आपली सर्वांत मोठी स्पर्धा खेळली जाते ते रणजितसिंहजी १५ कसोटी खेळले, सगळ्या इंग्लंडकडून. दुलीपसिंहजी १२, त्याही इंग्लंडकडून. भारताकडून दोघांची मिळून शून्य. आपले प्रा. दि. ब. देवधर अधिकृत कसोटी एकही खेळले नाहीत. १९२६ साली एमसीसीच्या संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या, महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिला, आणि १९७३ पासून त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. योग्यच झालं, मला देवधरांबद्दल अपार आदर आहे. संस्कृतचा प्राध्यापक आणि असा फलंदाज! पण देवधरांना कसोटीची अट नाही, ती बाळूंनाच का?

त्याहून अलीकडचं सांगते. २०१७ साली क्रिकेट मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला तो पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल यांना. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, दोघेही एकही कसोटी न खेळलेले. बेदी नावाचा माणूस त्यांच्या वाटेत उभा होता, त्याला ते काय करणार? मंडळाने ते समजून घेतलं. शिवलकर गेले तेव्हा, २०२५ च्या मार्चमध्ये, याच मुलांनी हळहळून लिहिलेले निरोप मला दाखवले होते. शिवलकरांच्या वाटेत बेदी होता. बाळूंच्या वाटेत तर पंचांगच होतं.

उलट "कसोटी खेळला" एवढ्यावरच माप घ्यायचं तर विजयनगरमचे महाराजकुमार विझी यांची तसबीर आधी लावा. १९३६ साली ते भारताचे कर्णधार होते. तीन कसोटी, एकूण ३३ धावा, आणि लाला अमरनाथला दौऱ्यावरून अर्ध्यातच घरी पाठवण्याचा पराक्रम. पुढे पद्मभूषणही झाले ते. असो.

आता गुण मोजू. प्रथम श्रेणीचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. आकडा पाहून हुरळून जाऊ नका, मीही गेले नाही. सरांचा आक्षेप इथे खरा आहे. त्या काळी खेळपट्ट्या कशाही असत, सरासऱ्या सगळ्यांच्याच कमी. मुंबई-पुण्यात समोर युरोपियनांचा संघ म्हणजे लष्करातले आणि व्यापारी कोठ्यांतले हौशी साहेब. आणि ३३ सामने म्हणजे मोठा पसारा नव्हे.

म्हणून मी दुसरा हिशेब मांडला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातले प्रथम श्रेणीचे बळी आहेत ७५, सरासरी २०.१२. ते एकूणातून वजा करा. बाकी उरतात १०४ बळी, सरासरी पावणेबाराच्याही आत. (गुणाकार हाताने केला, मग नातवाने मोबाइलवर तपासला. जुळला.) हे घरचे १०४ बळी मी सरांना सोडून देते. धरूच नका. फक्त ते ७५ बळी बघा.

दौऱ्यातले प्रथम श्रेणीचे सामने होते १४. त्यातले भारताने जिंकले दोन, हरले दहा. म्हणजे संघ पडका होता. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय १९, त्यांचं बरंचसं लक्ष लंडनच्या मेजवान्यांत. समोर इंग्लंडच्या कौंटींचे पोटासाठी खेळणारे व्यावसायिक फलंदाज. १९११ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये भाजून काढणारा, कोरडा गेला, म्हणजे ओल्या खेळपट्टीची फिरकीला जी मदत मिळायची तीही फारशी नाही. बाळूंचं वय पस्तीस. दौऱ्यात खांदा दुखत होता. आणि त्या परिस्थितीत दर सामन्याला पाचाच्या वर बळी. सगळे लहानमोठे सामने धरले तर शंभराच्या वर जातात. जे दोन मोठे विजय मिळाले, लेस्टरशायर आणि सॉमरसेटवरचे, त्यात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा. सॉमरसेटला हरवलं ते अवघ्या एका गड्याने, आणि शिवराम शतक काढून नाबाद.

आता हाच आकडा पुढच्यांशी लावून बघा. १९३२ च्या दौऱ्यात अमरसिंगने १११ बळी घेतले, सरासरी विसाच्या थोडी वर. १९४६ मध्ये विनू मंकडने १२९, सरासरी वीस-एकवीसच्या घरात. या दोन्ही दौऱ्यांत प्रथम श्रेणीचे सामने १९११ च्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे इंग्लंडच्या भूमीवर, कौंटींसमोर, भारताचे आजवर नावाजलेले गोलंदाज आणि बाळू यांच्यात गोलंदाज म्हणून सुताचाही फरक निघत नाही. मंकड २०२१ साली आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. ते फलंदाजही मोठे, त्या १९४६ च्या दौऱ्यात हजारावर धावा काढलेले. बाळू मंकड नव्हेत, हे मान्य. पण आपल्या भिंतीवर मंकड अष्टपैलू म्हणून आणि बाळू गोलंदाज म्हणून शेजारी शेजारी राहू शकतात. गोलंदाजीत लाज वाटावी असं काही नाही.

इथे आमच्या बाजूच्या लोकांनाही चार शब्द सुनावते, नाहीतर पक्षपात होईल. हल्ली बाळूंवर जे लिहून येतं त्यात ते जगातले सर्वश्रेष्ठ, कसोटी खेळते तर पाचशे बळी घेते, असली वाक्यं असतात. कशाच्या आधारावर? विल्फ्रेड ऱ्होड्स बाळूंपेक्षा एक वर्षाने लहान, तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. त्याचे प्रथम श्रेणीचे बळी ४२०४. तिथे बाळूंना बसवायला गेलात की सरांसारख्यांना हसायला निमित्त मिळतं, आणि मग खरे ७५ बळीही हसण्यावारी जातात. बाळू उत्तम, भक्कम, भरवशाचे गोलंदाज होते. आपल्याकडचे त्या काळचे सर्वांत चांगले. एवढं पुरे आहे. एवढ्यावर तसबीर लागते.

जात बाजूला ठेवते म्हणाले होते, ती इथपर्यंत ठेवली. आता परत आणते, कारण एक हिशेब राहिलाय. बोर्डाचे पेपर तपासताना एकदा माझ्याकडे एका मुलाची उत्तरपत्रिका आली होती. मुखपृष्ठावर लिहिलेलं 'पुरवण्या ३', आणि आत दोऱ्याला बांधलेली एकच. अशा वेळी आपण मुलाला ग्रेस मार्क देत नाही. दोन पुरवण्या कुठे गेल्या ते शोधतो. बाळूंच्या पुरवण्या पुण्यात गहाळ झाल्या.

पुण्याच्या साहेबांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखायला आणि सरावाला गोलंदाजी करायला नोकर होते. कॅप्टन ग्रेग म्हणून एक गाजलेला फलंदाज होता, हॅम्पशायरकडून खेळलेला. त्याला बाळूंनी तासन्‌तास गोलंदाजी केली. प्रत्येक वेळी बाद केलं की ग्रेग आठ आणे देत असे अशी आख्यायिका आहे. खरं असेल तर बाळूंच्या सर्वांत चांगल्या बळींची नोंद धावफलकावर नाही, आण्यांत आहे! आणि त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट म्हणे कुणी कधी दिलीच नाही. बॅट साहेबांची, चेंडू नोकराचा. पुढे हिंदूंच्या संघात घेतलं, कारण साहेबांना हरवायचं होतं. पण चहाच्या वेळी बाकीचे आत चिनी मातीच्या कपातून पीत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या टेबलावर. चेंडू मात्र सगळ्यांनी एकच हाताळायचा. त्याला विटाळ नव्हता.

सरांना मी विचारते, या माणसाने ३३ च सामने का खेळले? वर्षाकाठी असे सामनेच मोजके, ते खरं. पण त्यातही संघनिवडीच्या बैठकांत काय चाले ते १९२० साली उघड्यावर आलं. हिंदू संघातून बाळूंना वगळलं, विठ्ठलना कर्णधारपद नाकारलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोन्ही भावांनी जाहीर निवेदन देऊन संघातून नाव काढून घेतलं. त्या काळात! नंतर तडजोड झाली, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. हिंदू संघ त्या वर्षी जिंकला. स्वतः बाळूंना मात्र हिंदू संघाचे नेमलेले कर्णधार कधी होता आलं नाही. कर्णधारपदाचे गुण द्या असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की ३३ हा आकडा त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून कुणी मांडू नये. पुरवणी हरवणाऱ्यानेच 'उत्तर अपुरे' असा शेरा मारायचा का?

हे सगळं माझ्या भाच्याला फोनवर सांगितलं. तो न्यू जर्सीत असतो, बेसबॉल बघतो. तो म्हणाला, मावशी, आमच्याकडे अगदी हेच झालं. तिथे काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये घेतच नसत, म्हणून त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. सॅचेल पेज नावाचा त्यांचा फार मोठा गोलंदाज (तिकडे पिचर म्हणतात). १९७१ मध्ये त्याला कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं ठरलं, तर आधी म्हणाले, यांच्यासाठी वेगळा विभाग करू. लोक भडकले, आणि मग त्याला इतरांच्या बरोबरीनेच आत घ्यावं लागलं. पुढे २०२४ साली त्या जुन्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत धरले गेले, आणि जॉश गिब्सन नावाचा काळा खेळाडू फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉबच्या पुढे, पहिल्या क्रमांकावर गेला. मेल्यानंतर ७७ वर्षांनी. कुणी दया केली नाही त्याच्यावर. लोक जुनी वर्तमानपत्रं आणि धावफलक वर्षानुवर्षं चाळत बसले, आणि पुरवण्या जोडल्या. एवढंच.

आपल्याकडे ते कोण करणार? विठ्ठल पालवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं ते मराठीत, १९४८ साली. आम्हा मराठी वाचकांना त्याचा पत्ता नाही. २००२ साली रामचंद्र गुहांचं इंग्रजी पुस्तक आलं तेव्हा आम्हाला आमचा माणूस कळला. मीही त्यातच आले, हे कबूल करते. शाळेत इतकी वर्षं महाराष्ट्राचा इतिहास शिकवला, बाळूंचं नाव एकदाही घेतलं नाही. मला माहीतच नव्हतं.

बाळूंना कुणी आपलं का म्हटलं नाही, याचं आणखी एक कारण मला वाटतं. ते राजकारणात गांधींच्या बाजूला राहिले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसतर्फे उभे राहिले ते थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात, आणि पडले. त्यामुळे एका बाजूला ते पटले नाहीत. दुसऱ्या बाजूने गरज संपल्यावर विचारलं नाही. १९५५ साली मुंबईत वारले. ज्याच्या मागे मिरवणूक काढायला कुणी नसतं त्याचं नाव पाटीवर येत नाही, हे आमच्या ग्रामपंचायतीतही दिसतं. त्यांचा राजकीय निर्णय चुकला असं मलाही वाटतं. पण आपण तसबीर गोलंदाजाची लावतोय, उमेदवाराची नाही.

मागच्या महिन्यात मरीन लाइन्सला हिंदू जिमखान्यावरून गेले. याच जिमखान्याकडून बाळू खेळले. फूटपाथवर जरा थांबले, आत पोरं सराव करत होती. एक डावखुरा मुलगा फिरकी टाकत होता, सारखा आखूड पडत होता. परतीच्या कर्जत लोकलमध्ये दादरपासून कल्याणपर्यंत उभी होते, तेव्हा हे सगळं डोक्यात जुळत गेलं. वाद मात्र परवाचा.

सरांचा परवा रात्री फोन आला होता. म्हणाले, "बाई, रागावलात का?" म्हटलं, रागावले. मग त्यांना ७५ बळींचा हिशेब वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "२०.१२? मंकडची किती?" सांगितली. "बघू रविवारी," म्हणाले. खेळाचा शिक्षक आहे, आकडा कळतो त्याला. जातीचं जे बोलले त्याबद्दल मात्र ना ते काही म्हणाले, ना मी विषय काढला. तो रविवारी सगळ्यांसमोर काढणार आहे, कारण बोलले होते तेही सगळ्यांसमोर.

रविवारी दहाला बैठक आहे. अकरावी जागा अजून मोकळी आहे. तिथे काही मुलांना विराट हवाय, आणि त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नाही. बारा तसबिरी लावाव्यात तर भिंत पुरत नाही, मी टेप लावून मोजली. नेरळच्या स्टुडिओत बाळूंचा फोटो मोठा करायला टाकलाय, जुना असल्यामुळे थोडा धुरकट येईल म्हणाला. काल संध्याकाळी मागे बसलेला तो मुलगा दारात आला. आत आला नाही. म्हणाला, "बाई, तो १९११ चा हिशेब मला लिहून द्याल का? रविवारी मी वाचतो." मोठ्या अक्षरात फुलस्केपवर लिहून दिलाय.